दिनविशेष, १६ एप्रिल : घनावशेषांचा उपासक आयझेनस्टाइन

१६ एप्रिल म्हटले की १८५३ साली बोरीबंदराहून ठाण्यास गेलेली आगगाडी भोर-वेल्ह्याकडील आमच्या वाचकांस आधी आठवेल, आणि ते रास्तच आहे. परंतु त्याच तारखेस १८२३ साली बर्लिन येथे जन्मलेल्या गॉटहोल्ड आयझेनस्टाइन या गणितज्ञाची दखल घेणेही अगत्याचे आहे. त्याचा विषय घनावशेषांचा. एखाद्या संख्येच्या घनास ३१ ने भागले असता बाकी २ उरेल काय, असे कोणी पुसले, तर ४ चा घन ६४ हे त्याचे उत्तर; म्हणून २ हा ३१ चा घनावशेष होय. ७ ने भागून मात्र, कितीही खटपट केली तरी, ती बाकी उरत नाही. वर्गांच्या बाबतीत दोन मूळ संख्यांमधील परस्परतेचा नियम गणितज्ञ गाउसने सिद्ध केला होता. घनांसाठी मात्र १ चे काल्पनिक घनमूळ जमेस धरून संख्यांचा मुलूखच वाढवावा लागतो, आणि त्या मुलखातील योग्य रीतीने निवडलेल्या दोन मूळ संख्यांपैकी पहिली दुसरीचा घनावशेष असेल तर दुसरीही पहिलीचा असते, ही गोष्ट आयझेनस्टाइनने १८४४ मध्ये, म्हणजे भोरास पंतसचिवांचा अंमल असताना, सप्रमाण प्रसिद्ध केली. या शोधाच्या श्रेयावरून गणितज्ञ याकोबीने पुढे जो तंटा मांडला, तो त्या थोर पुरुषास शोभला नाही. १८५२ मध्ये, वयाच्या अवघ्या २९ व्या वर्षी, क्षयाने आयझेनस्टाइनचा अंत झाला. घनावशेषांच्याच कुळातील पंचमघाताच्या प्रश्नावर ए. आर. राजवाडे व पुढे पुणे विद्यापीठात अध्यापन केलेले एस. ए. कात्रे यांचा निबंध १९८५ मध्ये कॅनडातील गणित-नियतकालिकात प्रसिद्ध झाला.