उंबऱ्याच्या आत

मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांचं आयुष्य, त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती मुंबईच्या रस्त्यावरून कायद्यानेच बाद झाली. त्या आठवड्यात सगळ्या वर्तमानपत्रांनी हळहळ व्यक्त केली. स्टिअरिंगला लावलेला गिअर, टपावरचं कॅरिअर, उन्हात चटका देणाऱ्या रेक्झिनच्या सीटा... सगळं आलं. पत्र्याबद्दल मात्र कुणी लिहिलं नाही. ते मी लिहितो, कारण गेले पाच महिने शनिवार-रविवार मी तोच बघतोय.

नातेवाईक मंडळींना कल्पना आहेच. इतरांसाठी सांगतो. आमच्या मामांची १९८४ची पद्मिनी सध्या तळेगावच्या घराच्या अंगणात चार ठोकळ्यांवर उभी आहे. भाचीच्या लग्नात वरातीला तीच गाडी, असं ठरलंय. म्हणजे ठरलं होतं. इंजिन उत्तम (१०८९ सीसी, अजूनही दुसऱ्या फटक्यात सुरू होतं), बाहेरून रंग थोडा फुगलेला, तेवढाच काय तो दोष. ब्रेक बघायचे म्हणून मामेभावाने दाराखाली जॅक लावला आणि दांडा फिरवायला लागला. जॅक वर गेला. गाडी होती तिथेच राहिली! कुरकुर आवाज करत जॅकचं डोकं गाडीच्या पोटात शिरलं आणि तपकिरी भुगा खाली पडला.

आता ही जागा काय आहे ते सांगायला हवं. दार उघडून आत बसताना आपण जिच्यावरून पाय टाकतो ती दाराखालची पट्टी. इंग्रजीत तिला सिल म्हणतात, म्हणजे आपला उंबराच. वरून ती साधी पट्टी दिसते, पण आतून ती पोकळ पेटी असते. दोन-तीन पत्रे वळवून, कडा एकमेकींवर ठेवून, टाके घातल्यासारखे स्पॉट वेल्ड मारून बनवलेली. आणि गाडीचं अर्धं बळ त्या पेटीत असतं.

हे असं का, याला मोठा इतिहास आहे. सुरुवातीच्या मोटारी म्हणजे इंजिन लावलेल्या घोडागाड्याच. खाली जाड लोखंडी चौकट, तिच्यावर आणून ठेवलेली डबी. डबी सडली तर नवी डबी ठेवा, चौकट शाबूत. १९२२ साली इटलीत लान्चिया कंपनीने लॅम्ब्डा नावाची गाडी आणली, तिला वेगळी चौकटच नव्हती. अंग हाच सांगाडा. १९३४ साली सित्रोएनने हीच कल्पना मोठ्या प्रमाणावर कारखान्यात उतरवली. फियाटने १९५० साली आपल्या १४०० या गाडीत ती घेतली, आणि १९५३ साली ११०० मॉडेलमध्ये. आपली डुक्कर फियाट ती हीच. वजन कमी, पेट्रोल कमी, गाडी बुटकी आणि दणकट. फायदेच फायदे. फक्त एक गोष्ट झाली. जे बळ पूर्वी जाड, उघड्या, डोळ्यांना दिसणाऱ्या लोखंडात होतं, ते आता एक मिलिमीटरच्या आसपास जाडीच्या पत्र्यात, बंद पोकळीत जाऊन बसलं. तिथे रंगाचा फवारा नीट पोचत नाही आणि माणसाची नजर तर नाहीच.

लोखंड गंजतं कुठे, याबद्दल आपला सगळ्यांचा समज उलटा असतो. आपल्याला वाटतं हवा आणि पाणी जिथे भरपूर, तिथे गंज जास्त. केंब्रिजमध्ये यू. आर. इव्हान्स नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी १९२०च्या दशकात या विषयाला शिस्त लावली. त्यांचा प्रयोग घरीही करता येईल असा आहे. लोखंडाच्या स्वच्छ पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा आणि बघत बसायचं. थेंबाच्या कडेला हवा सहज पोचते, मधोमध कमी पोचते. आणि पत्रा खाल्ला जातो तो मधोमध! हवा कमी असलेली जागा आणि जास्त असलेली जागा मिळून एक छोटी बॅटरीच तयार होते, आणि कमी हवेच्या जागेतलं लोखंड विरघळत जातं. म्हणून दोन पत्र्यांच्या मधली फट, चिखलाच्या थराखालची जागा, रंगाच्या फुगवट्याच्या आतला भाग... गंजाची आवडती घरं ही. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा कळलं की उंबऱ्याचा बाहेरचा पत्रा ठणठणीत असूनही आतला पत्रा खलास कसा होऊ शकतो.

दिल्लीच्या लोहस्तंभाचं उदाहरण कुणीतरी प्रतिक्रियेत देणारच, म्हणून आधीच लिहून टाकतो. सोळाशे वर्षं तो न गंजता उभा आहे. त्या लोखंडात फॉस्फरसचं प्रमाण जास्त असल्यामुळे त्यावर एक पातळ संरक्षक थर कसा तयार झाला, हे कानपूर आयआयटीचे आर. बालसुब्रमण्यम यांनी उलगडून दाखवलं आहे. पण त्याचीही एक गोष्ट शाळेत सांगत नाहीत. १९६१ साली पुरातत्त्व खात्याने त्याचा पाया उकरला, तेव्हा जमिनीखालचा भाग गंजलेला निघाला. मग त्याला शिशाचा पत्रा गुंडाळून पुन्हा पुरलं. म्हणजे तिथेही गोष्ट तीच, जे झाकलेलं तेच गंजलेलं.

असो. जॅकने पाडलेल्या भोकात मी स्क्रू-ड्रायव्हर घातला, तो मुठीपर्यंत आत गेला. मग गावातले एक निवृत्त डेंटरकाका आले. त्यांनी आधी लोहचुंबक मागितलं. फ्रिजवरचं चालतं. दारावर ते चटकन चिकटलं, उंबऱ्यावर हातभर जागेत चिकटेचना. म्हणजे तिथे पत्रा नव्हताच, नुसती लांबी भरून रंग मारलेला. नंतर त्यांनी माठ विकत घेताना वाजवतात तसा सगळा खालचा भाग बोटाच्या पेराने वाजवला. टणटण, टणटण, बद्द. बद्द आवाज आला की खडूने फुली. संध्याकाळपर्यंत उजव्या बाजूला अकरा फुल्या झाल्या.

छिन्नीने लांबीचा पापुद्रा काढला तर आत गोणपाटाचा बोळा. पुराच्या नंतर चार-पाच वर्षांनी उपनगरातल्या एका गॅरेजात हे काम झालं होतं, मामांना पुसटसं आठवतंय. नाव घेण्यात अर्थ नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्यांचा रागही आला नाही. तेव्हा सगळेच असं करत.

बोळा काढल्यावर मात्र आतून जे बाहेर आलं त्याची अपेक्षा नव्हती. काळसर, पिठासारखा बारीक, वाळून कडक झालेला गाळ. मूठ-दोन मुठी नाही, अर्धी बादली. डेंटरकाका म्हणाले, "ही गाडी बुडलेली दिसते." मामा ओट्यावर बसले होते. ते नुसतं "सव्वीस जुलै" म्हणाले आणि उठून आत गेले.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस. मामा तेव्हा कुर्ल्याला नेहरूनगरमध्ये राहायचे. मिठीचं पाणी आलं आणि गाडी खिडकीच्या काचेपर्यंत दोन दिवस पाण्यात होती. त्यानंतर इंजिन खोललं, सीटा बदलल्या, वायरिंग नवं टाकलं, दारांची अस्तरं फेकून दिली. सहा महिन्यांनी गाडी झकास झाली आणि आपण सगळे तिच्यातून गणपतीपुळ्याला जाऊनही आलो. पण उंबऱ्याच्या पेटीत हात घालायला जागा नाही. तळाशी पाणी जायला बारीक भोकं असतात, ती गाळाने बुजली. तेव्हापासून दर पावसाळ्यात तो गाळ ओल धरत होता, दर उन्हाळ्यात अर्धवट वाळत होता, आणि इव्हान्ससाहेबांचा थेंब वर्षानुवर्षं आपलं काम करत होता. गंजाला जागा मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जास्त लागते, त्यामुळे दोन पत्र्यांच्या मधे तो फुगत गेला आणि त्याने स्पॉट वेल्डसुद्धा उचकटले.

गंमत बघा, ही गाडी बनलीही कुर्ल्यालाच. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सचा कारखाना तिथलाच. हे मॉडेल, म्हणजे ११०० डी, इटलीत १९६६ साली बंद झालं. आपल्याकडे ते १९६४ साली डिलाईट या नावाने सुरू झालं, १९७४ साली पद्मिनी झालं आणि एकविसावं शतक लागेपर्यंत बनत राहिलं. मधल्या काळात जगात गंजाविरुद्धची लढाई कुठल्या कुठे गेली. डेट्रॉईटमध्ये कुर्ट झीबार्ट नावाच्या मेकॅनिकने पोकळ्यांमध्ये नळीने मेणासारखं रसायन फवारायची पद्धत काढली आणि १९५९ साली तिचं दुकान थाटलं. १९६०च्या दशकात फोर्डमध्ये जॉर्ज ब्रूअर यांनी अख्खी बॉडी रंगाच्या टाकीत बुडवून विजेच्या साहाय्याने कानाकोपऱ्यात रंग बसवायचं तंत्र आणलं. जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे आले. पण हे काही एका दिवसात शहाणपण सुचून झालं नाही. ज्या लान्चियाने लॅम्ब्डा बनवली, त्याच लान्चियाच्या बीटा गाड्यांमध्ये इंजिन ज्या भागावर टेकतं तोच गंजतोय, असं बाहेर आलं. १९८० साली ब्रिटनमधल्या वर्तमानपत्रांनी तो विषय लावून धरला. कंपनीला लोकांकडून गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या. १९९४ साली तिने त्या देशातून गाशा गुंडाळला. अपकीर्ती पुसली गेली नाही ती नाहीच.

आपल्याकडे असं काही झालं नाही, कारण गिऱ्हाईक कोण होतं? नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघणारं. मामांना गाडी मिळाली तेव्हा मारुती ८०० नुकती, १९८३च्या डिसेंबरात, आली होती. ज्या वस्तूसाठी एवढी वाट बघितली ती गंजली म्हणून कोण टाकणार? मग जळकं ऑईल खालून मारा, पावसाळ्याआधी रेड ऑक्साईडचा हात द्या, भोक पडलं तर गोणपाट आणि लांबी. त्या अर्धा इंच लांबीत मला नुसता चालूपणा दिसत नाही, अख्ख्या पिढीची काटकसर दिसते. पण काटकसर असली तरी लांबी वजन पेलत नाही, हेही खरं.

आणि इथेच घरात दोन तट पडले. मामेभावाचं म्हणणं, लग्न डिसेंबरात आहे, पुन्हा लांबी भरा, रंग मारा, वरातीला दोन किलोमीटर तर जायचंय. माझं म्हणणं, त्या गाडीत नवरा-नवरी बसणार, मागे मामा बसणार, आणि बाजूने कुणी धडकलं तर त्यांच्या आणि त्याच्या मधे गोणपाट आहे. (यावर फोनवर जे बोलणं झालं ते इथे लिहीत नाही. वहिनीला सगळं माहीत आहे.) शेवटी मामांनी निकाल दिला, "कापा."

कापण्याआधी सांधायला लागतं हे मला नवीन होतं. उंबरा तसाच कापला तर गाडी मधोमध बसते आणि दारं पुन्हा कधीच लागत नाहीत. म्हणून डेंटरकाकांनी आधी दाराच्या चौकटीत तिरके पाईप टाके मारून बसवले. बॅटरी काढली, पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवली. मग ग्राइंडरने चांगला, चमकणारा पत्रा लागेपर्यंत कापत गेलो. खरं तर कापायला सुरुवात केली की हात आखडतो, वाटतं इथवर पुरे. काका प्रत्येक वेळी "अजून दोन बोटं" म्हणायचे. शेवटी जवळजवळ चार फुटांचा तुकडा निघाला.

नवा भाग बाजारात मिळत नाही. वीस गेजचा सीआर पत्रा आणून, आधी पुठ्ठ्याचा नमुना कापून, लाकडी ठोकळ्यावर ठोकून तो वळवला. सीओटू वेल्डिंगने एका जागी टाका, मग लांब दुसऱ्या जागी टाका, म्हणजे पत्रा तापून वाकत नाही. बंद करण्याआधी आतून जस्ताचा प्रायमर. बंद केल्यावर नळीने आत मेण, झीबार्टच्या पद्धतीनेच. आणि तळाशी पाणी जायची भोकं, मुद्दाम जरा मोठी.

पाईप काढले आणि मामांनी दार लावून बघितलं. एका हाताने, न आपटता लागलं. पुन्हा दोनदा उघडलं, लावलं. मग चहा मागितला.

कागदपत्रांचं काम वेगळंच आहे. नोंदणीचं नूतनीकरण करायचं आहे. विंटेज म्हणून नोंदवा असं सुचवणाऱ्यांसाठी, २०२१च्या नियमाप्रमाणे त्याला गाडी पन्नास वर्षांहून जुनी लागते. आपल्याला २०३४ सालापर्यंत थांबावं लागेल.

गाळ मी फेकलेला नाही. एका बरणीत थोडा भरून ठेवलाय, मामींना ते अजिबात आवडलेलं नाही. डावी बाजू अजून उघडायची आहे. चुंबक तिथेही तीन ठिकाणी चिकटत नाही. दिवाळीला येणाऱ्यांनी जुने कपडे घेऊन यावेत. आणि ज्याच्याकडे गाडीचा मूळ जॅक आहे (कुणाकडे ते मला ठाऊक आहे), त्याने तो कृपया परत आणावा.