कंट्रोल ग्रुप कशाला हवा? एका धमनीची गोष्ट

छातीच्या मधोमध जे चपटं हाड हाताला लागतं, ती उरोस्थी. तिच्या दोन्ही कडांपासून साधारण बोटभर अंतरावर, बरगड्यांच्या कूर्चांमागून एकेक धमनी खाली उतरते. तिचं नाव इंटर्नल मॅमरी आर्टरी. छातीच्या पुढच्या भिंतीला रक्त पुरवणं हे तिचं मुख्य काम. पण तिची एक बारीक फांदी हृदयाच्या आवरणाकडेही जाते.

१९३९ च्या सुमारास इटलीतल्या फिएस्की या सर्जनने तर्क लढवला, की या फांदीच्या खाली मूळ धमनी बांधून टाकली तर अडलेलं रक्त फांदीत वळेल आणि हृदयाला जास्त मिळेल. शस्त्रक्रिया सोपी होती. जागेवरच भूल द्यायची, दोन छोटे छेद घ्यायचे, झालं. १९५० च्या दशकात अमेरिकेत ती गाजली. अंजायनाचे रुग्ण सांगत, "दुखणं कमी झालं." मग शंका कोण घेणार?

ती घेतली सिएटलच्या लिओनार्ड कॉब आणि सहकाऱ्यांनी. १९५९ च्या त्यांच्या प्रयोगात १७ रुग्ण होते. छेद सगळ्यांना दिला, पण धमनी बांधली फक्त ८ जणांची. कोणाची बांधली हे रुग्णांना माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्या डॉक्टरांनाही. दोन्ही गटांत प्रत्येकी ५ जणांनी चांगला आराम पडल्याचं सांगितलं! लवकरच ही शस्त्रक्रिया मागे पडली.

इथे एक खटकणारी बाब आहे. आपल्याला नुसताच छेद मिळू शकतो, हे त्या रुग्णांना सांगितलंच नव्हतं. आज असा प्रस्ताव एथिक्स कमिटीत अडकेल, आणि अडकायलाच हवा.

पुढे तीच धमनी पुन्हा हृदयाच्या कामी आली. १९६४ मध्ये लेनिनग्राडला कोलेसोव्ह यांनी ती न बांधता थेट हृदयाच्या धमनीला जोडली. १९८६ मध्ये क्लीव्हलँड क्लिनिकच्या फ्लॉइड लूप यांनी १० वर्षांचा हिशोब मांडला. पायाची शीरच तेवढी वापरलेल्यांपेक्षा ही धमनी जोडलेले रुग्ण जास्त जगले होते.

फरक लक्षात घ्या. पहिल्या वेळी मोजलं ते 'बरं वाटणं', आणि ते आशेनेही वाढतं. दुसऱ्या वेळी मोजलं ते जगणं. म्हणून तुमच्या प्रस्तावात पद्धत लिहिण्याआधी दोन प्रश्न लिहा: मी नेमकं काय मोजतोय, आणि उपचार न देताही ते बदललं असतं का?