कर्ता, पगार व प्राप्तिकर

'पगार' हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. 'कर्ता' मात्र घरचाच. तो व्याकरणात नांदतो, तसाच हिंदू अविभक्त कुटुंबाच्या कायद्यातही. घरच्या धंद्यात राबणाऱ्या कर्त्यास पगार देता येतो काय, हा प्रश्न ह्या दोन शब्दांची गाठ पडल्यामुळे निर्माण झाला. प्राप्तिकराच्या दृष्टीने कुटुंब हे कर्त्याहून वेगळे करदाते होय. कर्त्याचा पगार धंद्याचा खर्च मानला, तर ती रक्कम कुटुंबाच्या उत्पन्नातून वजा होऊन कर्त्याच्या व्यक्तिगत उत्पन्नात जाते. आणि कराचे दर चढते असले की एका उत्पन्नाची दोन झाल्याने कर घटतो.

१९२२ च्या अधिनियमाखालील जुगल किशोर बलदेव सहाय प्रकरणात (१९६७) सर्वोच्च न्यायालयाने असा पगार खर्च म्हणून मान्य केला. करार खरा असावा, धंद्याच्या हिताचा असावा आणि रक्कम अवाजवी नसावी, एवढीच अट होती. परंतु नागपूरच्या शिवराज फाइन आर्ट लिथो वर्क्स ह्या भागीदारीसंबंधीच्या धनवटे प्रकरणात (१९६८ च्या निर्णयसंग्रहात प्रसिद्ध) कुटुंबाच्या भांडवलावर भागीदार झालेल्या कर्त्याचा मोबदला कुटुंबाचेच उत्पन्न ठरला. मोबदला भांडवलाचे फळ की व्यक्तीच्या सेवेचे, ही कसोटी पुढे १९७० मधील राजकुमारसिंह हुकुमचंद प्रकरणात नीट मांडली गेली. तेथे मात्र निकाल व्यक्तीच्या बाजूने लागला.

विधिमंडळाची वाट निराळी होती. १९६८ च्या वित्त अधिनियमाने १९६१ च्या अधिनियमात कलम ४०अ घातले. त्यानुसार नातलगास दिलेल्या मोबदल्यापैकी बाजारभावाच्या मानाने अवाजवी भाग तेवढा नामंजूर करता येई. मुलास, भावास दिलेला वाजवी पगार शाबूत राहिला. १९७५ च्या दुरुस्तीने, १ एप्रिल १९७६ पासून, कलम ६४ मध्ये पतिपत्नींपुरता अधिक कडक नियम आला. ज्या धंद्यात पतीचा भरीव हितसंबंध, उदाहरणार्थ नफ्यात किमान २० टक्के वाटा, असेल, तेथून पत्नीस मिळणारा पगार पतीच्या उत्पन्नात मिळवावयाचा. नियम उलट दिशेनेही लागू होता, हे खरे. पण दुकान बहुधा कोणाच्या नावावर असे, हे सांगावयास नको. पगार वाजवी असला तरी सुटका नव्हती. पत्नीजवळ तांत्रिक अथवा व्यावसायिक अर्हता असून उत्पन्न केवळ त्या ज्ञानानुभवाचेच फळ असेल, तरच अपवाद.

येथे कायद्याने श्रमाऐवजी अर्हता मोजली. वर्षानुवर्षे गल्ला सांभाळणारी, उधारीची वही लिहिणारी, घाऊक बाजारात भाव ठरविणारी स्त्री ह्या अपवादात बसेल काय, हे 'अर्हता' ह्या एका शब्दाच्या अर्थावर अवलंबून राहिले. त्या शब्दाची व्याख्या अधिनियमाने केली नव्हती. बट्टा कल्याणी प्रकरणात (१९८५) आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने तो शब्द सैल केला: अर्हता म्हणजे मान्यताप्राप्त संस्थेची पदवी वा पदविकाच असली पाहिजे असे नव्हे, कामास लागणारे ज्ञान अंगी असणे पुरेसे होय. मात्र ते ज्ञान अंगी आहे आणि पगार त्याचाच आहे, हे दाखविण्याचा भार करदात्यावरच राहिला.