खुडूक कोंबडीची किंमत

गडहिंग्लजच्या भाचीने परसात कोंबड्या पाळायचं ठरवलं आहे. "मामा, लेगहॉर्न घेऊ, गिरिराज घेऊ की गावठीच?" असं तिने फोनवर विचारलं. आयुष्यभर इतिहास शिकवलेल्या मास्तराला विचारलं की उत्तर सनावळीसकट येणार. तेच इथे लिहितो.

पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. डार्विनचंही हेच मत होतं. पण आपल्या राधानगरी-दाजीपूरच्या रानात आरवतो तो राखी रानकोंबडा. पाळीव कोंबडीच्या पिवळ्या कातडीचा गुण या राखीकडून आला, असं २००८ साली स्वीडनच्या उपसाला विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं. म्हणजे पिवळ्या पायांच्या परदेशी लेगहॉर्नमध्येही आपल्याकडच्या रानाचा अंश आहे!

हे लेगहॉर्न नाव इटलीतल्या लिव्होर्नो बंदराचं. मुंबईचं बॉम्बे करणाऱ्या इंग्रजांनी त्याचं लेगहॉर्न केलं. ही कोंबडी एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गेली आणि तिथे तिची निवड झाली ती केवळ अंड्यांसाठी. आज ती वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते. गावठी देते पन्नास-साठ. आकडे पाहिले तर प्रश्नच मिटतो.

पण गावठी अंडी कमी का देते? कारण ती खुडूक होते. एक डाव अंडी झाली की घालणं थांबवून बसून राहते. आमच्या लहानपणी बायका वैतागून तिला पाण्यात बुडवून काढत. अंडी उबवायची यंत्रं आली तशी पैदासकारांनी ही खोड लेगहॉर्नमधून जवळजवळ काढूनच टाकली. पण खोड म्हणजेच तिचं आईपण. एकवीस दिवस बसून ती पिल्लं काढते, घार दिसली की पंखाखाली घेते.

१९६० च्या दशकात आमच्या गावात पांढऱ्या कोंबड्या आल्या, तेव्हा माझ्या आईनेही चार घेतल्या. अंड्यांच्या पैशांतून आमच्या वह्या-पुस्तकं येत, त्यामुळे घरात आनंदच झाला. मग मानमोडी आली. एक गावठी आणि एक पांढरी, एवढ्या दोनच उरल्या. वर्षभरात खुराडं पुन्हा भरलं ते गावठीने. पांढरी अंडी घालत राहिली, बसली मात्र एकदाही नाही.

बंगळुरूची गिरिराज आणि हैदराबादची वनराज या परसासाठीच तयार केलेल्या जाती. काटक, वजनदार, गावठीपेक्षा अंडी बरीच जास्त. पण त्या संकरित, म्हणून त्यांच्या पिल्लांत तेच गुण टिकत नाहीत. दर खेपेला नवी पिल्लं विकत आणायची. झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण तीही उबवण्यात कच्चीच. शिवाय २०१९ साली त्या नावावर सांगली-कोल्हापुरातले किती शेतकरी फसले, ते आठवा.

म्हणून भाचीला सांगितलं: चार गावठी तलंगा, एक कोंबडा, आणि रोजच्या अंड्यांसाठी दोन गिरिराज. मानमोडीची लस सगळ्यांना. मुंगूस शिरणार नाही असं खुराडं आधी, कोंबड्या नंतर.

आता अडचण एकच. अस्सल गावठी तलंगा मिळायच्या कुठे? आजरा-चंदगडकडच्या वाचकांपैकी कुणाला ठाऊक असेल तर जरूर कळवा.