‘पारशी ऑपेरा’ची भाषा कोणती?

मराठी रंगभूमीचा इतिहास वाचताना 1880 सालापाशी एक वाक्य बहुधा भेटतेच. अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात पारशी मंडळीचा ऑपेरा पाहिला, असे नाटक मराठीत का होऊ नये असे त्यांच्या मनाने घेतले आणि त्यातून ‘संगीत शाकुंतल’ उभे राहिले. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहात त्याच्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला आणि मराठी संगीत नाटकाचे युग सुरू झाले. वाक्यात खोटे काही नाही. पण ‘पारशी ऑपेरा’ हे दोन शब्द वाचणाऱ्याला चकवतात. पारशी होते ते कंपनीचे मालक आणि पुष्कळसे नट. नाटकाचे नाव होते ‘इंदरसभा’, लिहिणारा होता लखनौचा सय्यद आगा हसन ‘अमानत’, आणि भाषा होती उर्दू.

हा किस काढण्याचे कारण सांगते. आमचे मिरजगाव कर्जत तालुक्यात, नगर–सोलापूर रस्त्यावर. मी उर्दू माध्यमाची शिक्षिका. आमची मुले घरी दखनी वळणाचे बोलतात, वर्गात पुस्तकी उर्दू वाचतात आणि बाजारात, एस.टी. स्टँडवर अस्सल नगरी मराठीत भांडतात. स्नेहसंमेलनात ती नज्म म्हणतात, कव्वाली करतात, पण नाटकाचे नाव काढले की मोठी माणसेच थबकतात. एका सुशिक्षित गृहस्थांनी मला समजावले, “बाई, उर्दूत मुशायरा असतो. नाटक हे मराठीचे.” ते चांगल्या मनानेच बोलले, आणि असे मानणारे ते एकटे नाहीत. आपल्यातलेही कितीतरी जण असेच मानतात. म्हणून ही इंदरसभेची हकीकत जरा सविस्तर सांगावीशी वाटली.

अमानत हा मोठा विलक्षण माणूस. ऐन तारुण्यात आजाराने त्याची वाचा गेली. पुढे करबलाच्या जियारतीला गेला असता ती परत आली, पण बोलताना अडखळणे कायमचे राहिले. त्यामुळे तो फारसा घराबाहेर पडत नसे. मर्सिये लिहिणारा हा धार्मिक वृत्तीचा शायर. एका मित्राने आग्रह केला की घरात बसून कंटाळतोस, तर जलशात सादर करता येईल असे काही लिही. त्यातून इंदरसभा झाली. ज्याला चार वाक्ये सलग बोलणे जड जाई, त्याने असे नाटक लिहिले की ज्यात जवळजवळ सगळी पात्रे गातच बोलतात!

या नाटकाभोवती एक दंतकथा चिकटली आहे. नवाब वाजिद अली शाहच्या दरबारात ते झाले, नवाब स्वतः राजा इंदर बनून तख्तावर बसत, असे सांगतात. ऐकायला गोड वाटते. पण लखनौचे संशोधक मसूद हसन रिझवी ‘अदीब’ यांनी या कथेची कसून तपासणी केली आणि ती टिकत नाही असे दाखवून दिले. त्यांनी लखनौच्या दोन रंगभूमी वेगळ्या केल्या, एक शाही आणि एक अवामी, म्हणजे जनसामान्यांची. नवाबाचे रहस हे शाही. अमानतची इंदरसभा अवामी. 1854 च्या सुमारास ती शहरातल्या जलशांतून लोकांसमोर आली आणि इतकी आवडली की भराभर छापली गेली, तिच्या धर्तीवर दुसऱ्यांनी आपापल्या ‘सभा’ लिहिल्या. मला या संशोधनाचे मोल फार वाटते. कारण दरबाराची दंतकथा मानली की उर्दू नाटक म्हणजे नवाबी चैन, ऱ्हासाचे लक्षण, असा शिक्का सहज मारता येतो. तसा तो पुष्कळांनी मारलाही, त्यात उर्दूचे सुधारकही होते. प्रत्यक्षात हे गल्लीतल्या लोकांचे नाटक होते.

गोष्ट अगदी साधी. राजा इंदराच्या सभेत पुखराज, नीलम, लाल आणि सब्ज अशा चार परी एकामागून एक येऊन गातात. सब्ज परीचे मन पृथ्वीवरच्या गुलफाम नावाच्या शहजाद्यावर जडलेले. ती काळ्या देवाकडून त्याला उचलून आणवते. गुलफाम हट्ट धरतो की मला सभा दाखव. ती चोरून नेते, लाल देव चुगली करतो, राजा संतापतो. गुलफामची रवानगी कोहकाफच्या विहिरीत होते. परीचे पंख छाटून तिला हाकलून देतात. मग ती जोगीण होते, रानोमाळ गात फिरते, आणि तिच्या गाण्याची कीर्ती राजाच्याच कानी जाते. सभेत बोलावणे येते. ती गाते, राजा खूश होऊन ‘माग’ म्हणतो, आणि ती गुलफामला मागून घेते. नीट पाहा, या नाटकात शहजादा काहीच करत नाही. प्रेम करते ती परी, धोका पत्करते ती परी, शिक्षा भोगून स्वतःच्या कलेच्या बळावर परत येते तीही परीच. शालेय पाठात मुलीला एवढे काम क्वचितच मिळते!

आणि ही सभा कुणाची? राजा इंदर पुराणांतला, कोहकाफ फारसी दास्तानांतला, देव आणि परी दास्तानातल्या, जोगीण इथल्या मातीतली. गाण्यांत गझल आहे, तशी ठुमरी, होरी, वसंतही आहे. उर्दूच्या शेजारी ब्रज आणि अवधी नांदतात. अमानतला यात काही जोडतो आहोत असे वाटले नसावे, त्याच्या शहरात लोक असेच गात होते.

प्रयोगाची रीत तर ध्यानात ठेवण्याजोगी. रंगवलेले देखावे नाहीत, यंत्रे नाहीत. प्रेक्षकांच्या मधेच बैठक. एक लाल पडदा धरलेला; पात्राच्या आगमनाचे गाणे साजिंदे म्हणतात, ते संपले की पडदा दूर होतो, महताब पेटते आणि त्या उजेडात परी उभी दिसते. ती स्वतःची ओळख स्वतःच पद्यात करून देते. गण-गवळणीचा तमाशा पाहत वाढलेल्या नगर जिल्ह्यातल्या माणसाला यात परके काय वाटेल?

आता लखनौहून मुंबईकडे येऊ. 1856 साली इंग्रजांनी अवध खालसा केले, नवाब कलकत्त्याजवळ मटियाबुर्जला गेले, पुढच्याच वर्षी बंड झाले. लखनौची ती दुनिया विस्कटली, पण छापील इंदरसभा गावोगाव फिरत राहिली. मुंबईत तिच्यासाठी जणू जागा तयार होत होती. ग्रँट रोडच्या नाटकगृहात 1853 साली सांगलीचे विष्णुदास भावे आपली मंडळी घेऊन आले. मराठी आख्यानांबरोबर त्यांनी राजा गोपीचंदाचे नाटक हिंदुस्थानी भाषेत केले. म्हणजे मराठी रंगभूमीच्या जनकानेच हिंदुस्थानीत नाटक करून दाखवले होते. त्याच साली, त्याच नाटकगृहात पारशी नाटक मंडळीने रुस्तम-सोहराबच्या कथेवर गुजराती नाटक केले. एक रंगमंच, तीन भाषा.

पारशी मंडळ्यांनी पुढे उर्दू का धरली? त्यांची मातृभाषा गुजराती. पण गुजरातीवर मुंबई-सुरतेपलीकडे गल्ला जमत नव्हता. हैदराबाद, दिल्ली, लाहोर, कलकत्ता अशी सगळीकडे चालणारी भाषा उर्दूच होती. 1871 साली व्हिक्टोरिया नाटक मंडळीने एदलजी खोरींच्या गुजराती नाटकाचे उर्दू रूपांतर ‘सोने के मोल की खुर्शीद’ रंगभूमीवर आणले, आणि मग ओघ सुरू झाला. धंद्याचा हिशेब साधा होता, त्यात भाषाप्रेमाचा आव नव्हता. या ओघात इंदरसभा आली. तिला आता रंगीत पडदे मिळाले, परी वरून उतरू लागल्या. लखनौत परींची कामे मुलगे करत. दादी पटेल यांनी हैदराबादहून गाणाऱ्या स्त्रिया आणून त्यांनाच परी म्हणून उभे केले. त्यांत लतीफा बेगम हे नाव सांगितले जाते. केवढा गहजब झाला असेल! मंडळ्या हे नाटक घेऊन रंगून-सिंगापूरपर्यंत गेल्या. 1892 मध्ये फ्रीड्रिख रोझेन या जर्मन विद्वानाने त्याचा जर्मन अनुवाद लाइपझिगला छापला. बोलपट आल्यावर 1932 साली मादन थिएटर्सने त्याचा चित्रपट केला, त्यात सुमारे सत्तर गाणी होती.

अशा या नाटकाचा प्रयोग पुण्यात किर्लोस्करांनी पाहिला. त्यांनी त्यातून काय घेतले, हे नेमके सांगितले पाहिजे, नाहीतर आपणही दुसऱ्या टोकाला जाऊ. शाकुंतलाची कथा कालिदासाची. चाली पुष्कळशा कीर्तनातल्या, साकी-दिंडीच्या, लावणीच्या, कर्नाटकी वळणाच्या. किर्लोस्कर स्वतः बेळगावकडचे, ते संगीत त्यांच्या अंगात होते. त्यांच्या आदल्याच वर्षी सोकर बापूजी त्रिलोकेकरांनी ‘नलदमयंती’ हे संगीत नाटक केले होते. तेव्हा मराठी संगीत नाटक म्हणजे इंदरसभेची नक्कल, असे कुणी म्हटले तर ते चूक आहे. फरक पडला तो एका ठिकाणी. भाव्यांच्या नाटकात सगळी पदे सूत्रधार म्हणे. पात्रे हातवारे करीत आणि मधूनमधून उत्स्फूर्त भाषणे करीत. राजा रडायचा, पण त्याचे रडणे गायचा सूत्रधार. इंदरसभेत ज्याचे दुःख त्याच्याच गळ्यातून येई. शाकुंतलात तेच झाले. मोरोबा वाघोलीकरांचा दुष्यंत स्वतः गायला, बाळकोबा नाटेकरांचा कण्व स्वतः गायला. दोन वर्षांनी ‘सौभद्र’ आले आणि महाराष्ट्र या गाण्याने वेडा झाला.

पुढचे धागे तर सर्वांसमोर आहेत, फक्त एकत्र कुणी पाहत नाही. ‘मानापमान’ (1911) च्या गोविंदराव टेंब्यांच्या चालींत पूरबच्या ठुमरी-दादऱ्याचे रंग आहेत. ‘स्वयंवर’ (1916) ला चाली देणारे भास्करबुवा बखले हे फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्याकडे शिकलेले. बालगंधर्वांच्या साथीला कादरबक्ष यांची सारंगी आणि अहमदजान थिरकवाँचा तबला. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. त्यांची कन्या हिराबाई बडोदेकर संगीत नाटकात उतरल्या. (बाहेरगावचे लोक मिरजगाव म्हटले की आजही मिरज समजतात. तेवढे संगीत आमच्या वाट्याला आले असते तर काय हवे होते!)

8 जुलै 1921 रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी संयुक्त ‘मानापमान’ झाला. केशवराव भोसले धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. मराठी माणसाने अभिमानाने सांगावा असा तो प्रयोग. तो झाला बालीवाला थिएटरात. हे खुर्शेदजी बालीवाला म्हणजे व्हिक्टोरिया मंडळीचे प्रमुख नट आणि मालक. त्यांचे आयुष्य उर्दू नाटके करण्यात गेले. मराठी रंगभूमीची ती सुवर्णरात्र उर्दू नटाच्या नावाच्या घरात साजरी झाली. त्या वेळी कुणाला याचे नवल वाटले नसावे. नवल आज वाटते, कारण मधल्या काळात आपण भाषांना धर्म वाटून दिले. उर्दू मुसलमानांची झाली, नाटक मराठीचे झाले, आणि मराठी बोलणारा मुसलमान दोन्ही घरांच्या उंबऱ्यावर उभा राहिला.

आपल्या बाजूची एक अडचणही लपवून चालणार नाही. परी, नाचगाणे, प्रेम, हे मुलांना कशाला, असे आपल्यात म्हणणारे आहेत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. अमानत मर्सिये लिहीत होता, जियारत करून आला होता, हे मात्र सांगते. नाच गाळता येतो. प्रेमाच्या जागी मैत्री ठेवली तरी परीचे जोगीण होणे, तिने गाऊन न्याय मिळवणे उरते, आणि नाटकाचा जीव तिथेच आहे.

माझ्या मुलींसाठी मी त्याचा पाऊण तासाचा खर्डा केला आहे. मूळ भाषा त्यांना जड जाते, म्हणून गोष्ट आमच्या बोलण्यातल्या उर्दूत आणि सूत्रधार मराठीत. भाव्यांचा सूत्रधार सगळ्यांचे गात असे. आमचा फक्त ओळख करून देईल, गातील त्या परीच. साजिंदे म्हणून एक ढोलकी आणि एक पेटी पुरे. देखाव्यांचा खर्च मुळी नाहीच, कारण अमानतलाही तो लागला नव्हता. लाल पडदा तेवढा हवा, आणि तो गावातल्या मंडपवाल्याकडे आहे.