अमेरिकेतील आरोग्यसुधारणेचा लढा : कायदा कसा झाला आणि कोण बाहेर राहिले

वस्तीतल्या अभ्यासवर्गात अमेरिकेचा विषय निघाला की आम्हाला हमखास एक प्रश्न येतो. इतक्या श्रीमंत देशात दवाखान्याच्या बिलापायी माणसे कर्जबाजारी कशी होतात? ओबामांनी तर कायदा केला होता ना? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर जवळजवळ शंभर वर्षे चाललेल्या एका राजकीय भांडणात आहे. त्या भांडणाची मांडणी आम्ही इथे टप्प्याटप्प्याने करत आहोत. वाचताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कायदा मंजूर व्हावा म्हणून प्रत्येक वेळी कोणाला तरी त्यातून वगळले गेले, आणि वगळलेली माणसे पुन्हा पुन्हा तीच निघाली : कृष्णवर्णीय, शेतमजूर, घरकामगार, स्थलांतरित.

नोकरीला बांधलेला विमा

आपल्याकडे गरीब माणूस आजारी पडला की सरकारी दवाखाना गाठतो. अमेरिकेत पहिला प्रश्न असतो, विमा आहे का? आणि बहुतेक कामगारांचा विमा नोकरीतून येतो. हे असे का झाले? दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये, सरकारने पगारवाढीवर मर्यादा घातली. मग कामगार टिकवण्यासाठी मालक पगाराऐवजी आरोग्यविमा देऊ लागले. १९५४ च्या करकायद्याने या विम्यावरची करसवलत पक्की केली. चांगली, कायम नोकरी असेल त्याला विमा. हंगामी किंवा रोजंदारीवर असेल त्याला काहीच नाही. आणि नोकरी गेली की विमाही गेला, अशी ही व्यवस्था बनली. वर्णभेदामुळे कृष्णवर्णीयांना चांगल्या नोकऱ्या मिळत नव्हत्या. साहजिकच विमाही त्यांच्यापर्यंत पोहोचला नाही.

१९३५ आणि १९४५ : पहिले दोन पराभव

१९३५ मध्ये फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सामाजिक सुरक्षा कायदा आणला. डॉक्टरांच्या संघटनेचा, म्हणजे अमेरिकन मेडिकल असोसिएशनचा, विरोध पाहून त्यांनी आरोग्यविमा त्यात घातला नाही. त्यापायी सगळे विधेयकच अडेल अशी भीती होती. वृद्धापकाळाच्या पेन्शनमधून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. दक्षिणेतील कृष्णवर्णीय मोठ्या संख्येने याच दोन कामांत होते. यामागे दक्षिणेतील गोऱ्या खासदारांचा दबाव होता की कर गोळा करण्याची अडचण होती, यावर अभ्यासकांत वाद आहे. बाहेर कोण राहिले यावर मात्र वाद नाही.

१९ नोव्हेंबर १९४५ रोजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी सर्व नागरिकांसाठी राष्ट्रीय आरोग्यविम्याचा प्रस्ताव काँग्रेसपुढे ठेवला. १९४८ ची निवडणूक त्यांनी जिंकली आणि मेडिकल असोसिएशन कामाला लागली. तिने प्रत्येक सभासदाकडून २५ डॉलर वर्गणी काढली आणि व्हिटेकर अँड बॅक्स्टर ही प्रचारसंस्था नेमली. प्रचाराचा मुद्दा एकच होता : हा 'समाजवादी औषधोपचार' आहे, सरकार तुमच्या आणि डॉक्टरच्या मध्ये येईल. शीतयुद्ध सुरू झाले होते. समाजवाद म्हटले की लोक बिचकत. विधेयक मतदानापर्यंतही गेले नाही.

१९६५ : मेडिकेअर आणि हॉस्पिटलांतील वर्णभेद

हा टप्पा कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावा. १९४६ च्या हिल-बर्टन कायद्याने हॉस्पिटल बांधायला सरकारी पैसा दिला, पण गोऱ्यांसाठी आणि कृष्णवर्णीयांसाठी 'वेगळ्या पण समान' सोयी चालतील अशी मुभाही दिली. म्हणजे भेदभाव सरकारी पैशाने चालत होता. अनेक ठिकाणी मेडिकल असोसिएशनच्या स्थानिक शाखा कृष्णवर्णीय डॉक्टरांना सभासद करून घेत नसत आणि सभासदत्व नसेल तर हॉस्पिटलात काम मिळणे कठीण होई. म्हणून कृष्णवर्णीय डॉक्टरांनी १८९५ मध्येच आपली वेगळी नॅशनल मेडिकल असोसिएशन काढली होती.

नॉर्थ कॅरोलायनातील ग्रीन्सबरो शहरात जॉर्ज सिमकिन्स हे दंतवैद्य, काही डॉक्टर आणि रुग्ण यांनी मिळून हॉस्पिटलांविरुद्ध दावा लावला. १९६३ मध्ये अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला : सरकारी पैसा घेता, तर भेदभाव करता येणार नाही. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याच्या सहाव्या प्रकरणाने हेच तत्त्व देशभर लागू केले.

त्याच वर्षी लिंडन जॉन्सन मोठ्या बहुमताने निवडून आले. ६५ वर्षांवरील सर्वांसाठी मेडिकेअर आणि गरिबांसाठी राज्यांमार्फत मेडिकेड असा कायदा झाला. मोठी डॉक्टर संघटना विरोधात उभी असताना नॅशनल मेडिकल असोसिएशनने मेडिकेअरला पाठिंबा दिला. ३० जुलै १९६५ रोजी जॉन्सन यांनी मिसुरीतील इंडिपेन्डन्स गावी, ट्रुमन यांच्या साक्षीने, कायद्यावर सही केली.

खरी गंमत त्यानंतर झाली. १ जुलै १९६६ पासून मेडिकेअरचा पैसा सुरू होणार होता. वर्णभेद बंद केल्याशिवाय तो मिळणार नाही, असे सरकारने हॉस्पिटलांना सांगितले आणि तपासनीस पाठवले. वेगळे वॉर्ड, वेगळी दारे, वेगळ्या रक्तपिशव्या हे सगळे चालवणाऱ्या हजाराहून अधिक हॉस्पिटलांनी काही महिन्यांत भेद मोडला. वर्षानुवर्षे उपदेशाने जे झाले नाही, ते पैशाला लावलेल्या अटीने झाले.

तरीही मेडिकेडमध्ये एक खिंडार राहिले. कोणाला पात्र ठरवायचे याचा बराच अधिकार राज्यांकडे ठेवला गेला. हे खिंडार पुढे महागात पडले.

याच काळात ब्लॅक पँथर पक्षाने अनेक शहरांत मोफत दवाखाने चालवले आणि कृष्णवर्णीयांत जास्त आढळणाऱ्या सिकलसेल आजाराची तपासणी मोहीम घेतली. १९७२ मध्ये आपल्या दहा कलमी कार्यक्रमात त्यांनी सर्व कृष्णवर्णीय आणि पीडितांसाठी पूर्ण मोफत आरोग्यसेवेची मागणी घातली. त्याच वर्षी मुंबईत त्यांच्या नावावरून दलित पँथर उभी राहिली. आपण ब्लॅक पँथरची आठवण काढतो ती आक्रमक भाषेसाठी. त्यांच्या दवाखान्यांची आठवणही काढायला हवी.

१९९३-९४ : क्लिंटन यांचा पराभव

२२ सप्टेंबर १९९३ रोजी बिल क्लिंटन यांनी काँग्रेसपुढे सर्वांना विमा देणारी योजना मांडली. ती हिलरी क्लिंटन यांच्या नेतृत्वाखालील गटाने तयार केली होती. विधेयक १,३४२ पानांचे होते आणि ते बंद दाराआड तयार झाले, असा आक्षेप होता. विमा कंपन्यांच्या संघटनेने टीव्हीवर जाहिराती सुरू केल्या. हॅरी आणि लुईस नावाचे मध्यमवर्गीय नवरा-बायको स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून काळजी करतात, एवढेच त्या जाहिरातींत असे. लोकांच्या मनात शंका पेरायला ते पुरेसे होते. सप्टेंबर १९९४ मध्ये सिनेटमधील नेत्यांनी विधेयक सोडून दिल्याचे जाहीर केले. नोव्हेंबरच्या निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाने दोन्ही सभागृहे गमावली.

२००९-१० : ओबामांचा कायदा

बराक ओबामा सत्तेवर आले तेव्हा साडेचार कोटींहून अधिक लोकांकडे विमा नव्हता. क्लिंटन यांच्या अनुभवावरून धडा घेऊन त्यांनी विमा कंपन्या, औषध कंपन्या आणि हॉस्पिटले यांच्याशी आधीच बोलणी केली. त्याची किंमतही मोजावी लागली. खासगी कंपन्या बाजूला सारून सर्वांसाठी एकच सरकारी विमा हवा, ही मागणी चर्चेच्या टेबलावर आलीच नाही. मे २००९ मध्ये सिनेटच्या समितीपुढे ती मांडायला उभ्या राहिलेल्या डॉक्टरांना आणि कार्यकर्त्यांना अटक झाली.

ऑगस्टमध्ये खासदारांच्या जाहीर सभांत गोंधळ सुरू झाला. म्हाताऱ्यांना जगू द्यायचे की नाही हे सरकारी 'मृत्यूपंचायत' ठरवणार, अशी अफवा पसरली. मुळात विधेयकात एवढेच होते की, शेवटच्या आजारपणात कोणते उपचार हवेत यावर रुग्णाने डॉक्टरचा सल्ला घेतला तर त्याची फी मेडिकेअर देईल.

आता मतांचे गणित पाहू. सिनेटमध्ये १०० जागा. चर्चा संपवून मतदान घ्यायला ६० मते लागतात. डेमोक्रॅट आणि त्यांच्यासोबतचे अपक्ष मिळून बरोबर ६० होते. म्हणजे त्यांतल्या प्रत्येकाला नकाराधिकार मिळाल्यासारखे झाले. जो लिबरमन यांनी अडवले म्हणून खासगी विम्याशेजारी एक सरकारी विमा ठेवण्याचा पर्यायही गळला. ७ नोव्हेंबर २००९ रोजी प्रतिनिधीगृहात विधेयक २२० विरुद्ध २१५ मतांनी आणि २४ डिसेंबरला सिनेटमध्ये वेगळ्या स्वरूपात ६० विरुद्ध ३९ मतांनी मंजूर झाले.

दोन्ही मसुदे जुळवायचे बाकी असतानाच मॅसॅच्युसेट्समधील पोटनिवडणूक आली. टेड केनेडी यांच्या निधनाने रिकामी झालेली जागा जानेवारी २०१० मध्ये रिपब्लिकन पक्षाने जिंकली आणि साठावे मत गेले. मग सिनेटचाच मसुदा प्रतिनिधीगृहाने जसाच्या तसा घ्यायचा आणि दुरुस्त्या साध्या बहुमताने चालणाऱ्या अर्थसंकल्पी विधेयकातून करायच्या, असा मार्ग निघाला. प्रतिनिधीगृहाच्या सभापती नॅन्सी पेलोसी यांनी मते जमवली. २१ मार्च २०१० रोजी २१९ विरुद्ध २१२ मतांनी विधेयक पास झाले. रिपब्लिकन पक्षाचे एकही मत त्याला पडले नाही. २३ मार्चला ओबामांनी सही केली.

कायद्याने काय दिले

- आधीपासून आजार आहे म्हणून विमा नाकारता येणार नाही किंवा जास्त हप्ता लावता येणार नाही.
- २६ वर्षांपर्यंतच्या मुलामुलींना आई-वडिलांच्या विम्यात राहता येईल.
- दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्क्यांपर्यंत उत्पन्न असलेल्या प्रौढांना मेडिकेड मिळेल.
- त्यावरच्या उत्पन्न गटाला खासगी विमा घेण्यासाठी सरकारी अनुदान मिळेल.
- विमा न घेणाऱ्याला दंड भरावा लागेल. (हा दंड २०१९ पासून शून्य करण्यात आला.)

२०१० मध्ये सुमारे १६ टक्के लोक विम्याविना होते. २०२३ मध्ये हे प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास आले. हे यश लहान नाही. मात्र कागदपत्रे नसलेल्या स्थलांतरितांना, ते स्वतःच्या पैशाने विमा घ्यायला तयार असले तरी, कायद्याने उभ्या केलेल्या विमा बाजारात प्रवेश नाही.

कोर्ट, राज्ये आणि दरी

२८ जून २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दंडाची तरतूद कर म्हणून ५ विरुद्ध ४ मतांनी वैध ठरवली. त्याच निकालात मेडिकेडचा विस्तार राज्यांवर सक्तीचा करता येणार नाही असे सांगितले. १९६५ चे खिंडार इथे उघडे पडले. विस्ताराचा सुरुवातीचा सगळा आणि नंतरचा ९० टक्के खर्च केंद्र सरकार देत असूनही अनेक राज्यांनी तो नाकारला. २०२५ मध्येही अशी १० राज्ये होती. त्यांतली सात दक्षिणेतली : टेक्सास, फ्लोरिडा, जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, साउथ कॅरोलायना आणि टेनेसी. इथला गरीब माणूस अजब कात्रीत सापडतो. राज्याच्या नियमाने तो मेडिकेडला पात्र नाही आणि अनुदान मिळण्याइतके त्याचे उत्पन्न नाही. या दरीत कृष्णवर्णीय आणि लॅटिनो यांचे प्रमाण लोकसंख्येतील त्यांच्या वाट्यापेक्षा जास्त आहे.

लढा मात्र थांबला नाही. मेन राज्यात २०१७ मध्ये कार्यकर्त्यांनी सह्या गोळा करून जनमत घेतले आणि विस्तार मिळवला. पुढे युटा, आयडाहो, नेब्रास्का, ओक्लाहोमा, मिसुरी आणि साउथ डकोटा येथील मतदारांनी असेच मतदान केले. यांतली बहुतेक राज्ये रिपब्लिकन पक्षाची पक्की ठाणी आहेत. २०१७ मध्ये कायदा मोडीत काढण्याचा प्रयत्न झाला तेव्हा अपंगांच्या अडॅप्ट या संघटनेचे कार्यकर्ते व्हीलचेअरवरून संसदेच्या इमारतीत धडकले आणि अटक करून घेतली. २८ जुलैच्या पहाटे जॉन मॅक्केन यांच्यासह तीन रिपब्लिकन सिनेटरांनी विरोधात मत दिले आणि तो प्रयत्न ४९ विरुद्ध ५१ मतांनी पडला. तरी मिळवलेले कायमचे नसते. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने मेडिकेडच्या खर्चात मोठी कपात केली आणि अनेक लाभार्थ्यांवर कामाची अट घातली.

आपण काय घ्यावे

हा इतिहास आपल्यापासून दूरचा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना प्रा. अडारकर यांनी औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याचा अहवाल १९४४ मध्ये सरकारला दिला. त्यातून पुढे १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. तो कारखान्यांपासून सुरू झाला. शेतमजूर आणि घरकामगार त्याच्या बाहेर राहिले. अमेरिकेत १९३५ मध्ये वगळलेली दोन कामे तीच होती. आपल्याकडे या कामांत कोणत्या समाजातील माणसे जास्त आहेत, हे वाचकांना सांगायला नको. २०२३ मध्ये राजस्थान विधानसभेने आरोग्य हक्क कायदा केला तेव्हा खासगी डॉक्टर संपावर गेले. ट्रुमन यांच्या काळातला विरोध आठवावा असेच ते चित्र होते.

आमच्या मते कार्यकर्त्यांनी तीन सवयी लावून घ्याव्यात. कोणतीही आरोग्य योजना जाहीर झाली की आधी पात्रतेची व्याख्या वाचावी, जाहिरात नंतर. कागदोपत्री हक्क आणि प्रत्यक्ष खाट यांमधले अंतर मोजून लिहून ठेवावे, कारण ग्रीन्सबरोचा दावा अशा नोंदींवरच उभा राहतो. आणि सरकारी पैसा घेणाऱ्या प्रत्येक हॉस्पिटलाला अट कोणती घातली आहे, ती कोण तपासतो, हे विचारत राहावे.

कायदा झाला ही बातमी असते. त्यातून कोण वगळले गेले हे शोधणे, हे आपले काम आहे.