तळटीप : कार्बन एरोजेल

* कार्बन एरोजेल : नॅनोमीटरच्या मापाची छिद्रे असलेला, अत्यंत हलका कार्बन. लेखकाने मूळ मजकुरात ‘जेल वाळवून भाजले’ एवढेच म्हटले आहे. पण खरी मेख वाळवण्यात आहे. ओले जेल उघड्यावर ठेवले, तर आटणारा द्रव पृष्ठताणामुळे छिद्रांच्या भिंती आत ओढतो आणि जेल उन्हातल्या चिखलासारखे आकसून तडकते. म्हणून द्रव आधी अतिक्रांतिक अवस्थेत, म्हणजे ठरावीक तापमान आणि दाबाच्या वर, नेतात; तिथे द्रव आणि वायू हा भेदच मिटतो, त्यामुळे पृष्ठताण उरत नाही. सॅम्युअल किस्लर यांनी १९३१ मध्ये याच मार्गाने सिलिकाचे एरोजेल केले. कार्बनचे एरोजेल अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत रिचर्ड पेकाला यांच्या १९८९ च्या कामातून पुढे आले. या पद्धतीत रिसॉर्सिनॉल-फॉर्मल्डिहाइडच्या लालसर जेलमधील पाण्याची जागा आधी अ‍ॅसिटोन घेते, मग द्रवरूप कार्बन डायऑक्साइड. तो सुमारे ३१ अंश सेल्सिअस आणि ७४ बारच्या वर अतिक्रांतिक होतो. त्यानंतर दाब सावकाश उतरवला की जेलची जाळी शाबूत राहते. निष्क्रिय वायूत सुमारे १००० अंशांवर भाजल्यावर काळा, वीजवाहक कार्बन मिळतो. त्याचे हलकेपण मात्र भट्टीच्या आधी, वाळवतानाच ठरलेले असते. — संपादक